ट्रॅक्टरला पुढचा लोडर : पुरंदरच्या उतारावरच्या कामाच्या नोंदी

गाव दिवे, तालुका पुरंदर. अंजीर, सीताफळ आणि दुभती जनावरं. ट्रॅक्टर ५० एचपीचा, टू-व्हील ड्राइव्ह, मागे १४.९-२८ चे टायर, पुढे ७.५०-१६. लोडर म्हणजे ट्रॅक्टरच्या पुढे बसवलेले, बकेट उचलणारे हायड्रोलिक आर्म. त्याला काम मुख्यतः गोठ्यातलं शेणखत ट्रॉलीत भरण्याचं आणि बागेच्या रस्त्यांवर मुरूम ओढण्याचं. बसवल्यावर काय बिघडलं, पैसा आणि वेळ कुठे गेला आणि उतारावर तो धोक्याशिवाय चालवायला काय काय करावं लागलं, ते तारखेवार लिहितोय. ज्यांची जमीन आमच्यासारखी चढ-उताराची आहे त्यांनी आधी ३१ मार्च आणि ४ एप्रिलच्या नोंदी वाचाव्यात.

१२ मार्च २०२५

जेसीबीचा ताशी दर आमच्याकडे १,२०० रुपये, आणि अंजिराच्या दोन ओळींत तो शिरत नाही. मोशीच्या किसान प्रदर्शनात डिसेंबरमध्ये दोन-चार लोडर पाहून ठेवले होते. आज एका फॅब्रिकेटरकडे जाऊन काम ठरवलं.

त्याने आधी दाखवलेला सांगाडा फक्त पुढच्या सपोर्टला आणि इंजिनच्या बाजूला बोल्टने अडकवलेला होता. तो घेतला नाही. ट्रॅक्टरला ट्रकसारखी वेगळी चॅसी नसते. इंजिन, क्लच हाउसिंग आणि गिअर बॉक्स एकमेकांना बोल्टने जोडलेले असतात आणि सगळा भार त्यांच्यावरच असतो. पुढे बकेटने ढिगात धडक दिली की तो हिसका इंजिनमधून क्लच हाउसिंगच्या सांध्यावर येतो. तिथे तडा गेला तर ट्रॅक्टर मधोमध सुटतो. म्हणून सांगाड्याचे दोन्ही बाजूंचे पट्टे मागच्या अ‍ॅक्सलच्या हाउसिंगपर्यंत नेऊन तिथे आवळायला लावले. १४,००० रुपये जास्त पडले. लोडर, पंप, टाकी, व्हॉल्व्ह धरून एकूण २,०६,०००. या १४,००० मध्ये घासाघीस करू नका, हवं तर बकेट एक नंबर लहान घ्या.

२८ मार्च

लोडर बसला. इंजिनच्या पुढच्या पुलीवरून चालणारा वेगळा गिअर पंप, ४० लिटरची टाकी, ६८ नंबरचं हायड्रोलिक ऑइल, रिलीफ व्हॉल्व्ह १६० बारला.

पैसे देण्याआधी त्याच्याच आवारात हे करून पाहिलं: स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून होज (तेलाची दाबाची नळी) कुठे घासतो का, बॉनेट पूर्ण उघडतं का, रेडिएटरची जाळी बाहेर निघते का, इंजिन ऑइलचा फिल्टर सुटतो का. फिल्टर सुटेना. सांगाड्याचा पट्टा बरोबर त्याच्या आड आला होता. प्रत्येक सर्व्हिसला अर्धा लोडर उतरवावा लागला असता. पट्टा कापून, वळसा देऊन, आतून पट्टी मारून घेतली. एक दिवस गेला. घरी आणल्यावर हे लक्षात आलं असतं तर आठवडा गेला असता.

फिटर म्हणाला, "रिलीफचे दोन आटे आवळून देऊ का, जास्त उचलेल." नको म्हटलं. हा व्हॉल्व्ह म्हणजे ठरलेल्या दाबापुढे तेलाला दिलेली वाट. ती बंद केली की होज, जॅक (आर्म आणि बकेट हलवणारे तेलाचे सिलिंडर), पिना आणि पुढचा अ‍ॅक्सल यांपैकी जे कच्चं असेल ते आधी जातं, आणि माल उचललेला असतानाच जातं.

३१ मार्च

गोठ्याकडून खालच्या सीताफळाच्या बागेत ओलं शेणखत न्यायचं होतं. रस्ता उताराचा. ड्रायव्हर आमचा जुना, हात बसलेला. पहिल्या गिअरमध्ये हळूच उतरत होता. निम्म्या उतारावर ट्रॅक्टर ओढ घेतोय असं वाटून त्याने ब्रेक दाबले. मागची दोन्ही चाकं जाम झाली, फिरायची थांबली, आणि ट्रॅक्टर तसाच खाली घसरत राहिला. मुरमावर चाकांचे दोन सरळ पट्टे उमटत गेले. त्याने प्रसंगावधानाने लिव्हर पुढे ढकलून बकेट जमिनीला टेकवली आणि ती मुरमात रुतल्यावर ट्रॅक्टर थांबला. कोणाला काही झालं नाही.

ब्रेकमध्ये दोष नव्हता. टू-व्हील ड्राइव्ह ट्रॅक्टरला ब्रेक फक्त मागच्या चाकांना असतात. भरलेली बकेट पुढे लटकली की मागची चाकं हलकी होतात, उतारावर आणखी हलकी होतात. जमिनीवर दाब नसलेलं चाक जाम करून उपयोग काय? सपाटीवर हे कळतच नाही, म्हणून सपाट आवारात लोडर पाहून "मस्त चालतो" म्हणणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका.

काम थांबवलं. मागे वजन लावल्याशिवाय लोडर उताराला न्यायचा नाही असं ठरलं.

४ एप्रिल

दोन दिवस हिशेब आणि चौकशीत गेले. तो हिशेब इथे देतो, कारण बहुतेक जण मागच्या टायरमध्ये पाणी भरून मोकळे होतात.

आमच्या ट्रॅक्टरच्या दोन्ही अ‍ॅक्सलमधलं अंतर २.१ मीटर. बकेटमधल्या मालाचा मध्य पुढच्या अ‍ॅक्सलच्या १.५ मीटर पुढे. बकेटमध्ये ४०० किलो माल असला तर मागच्या अ‍ॅक्सलवरून ४०० × १.५ ÷ २.१, म्हणजे सुमारे २८५ किलो भार उचलला जातो. तो जातो पुढे: पुढच्या अ‍ॅक्सलवर ४०० नव्हे, ६८५ किलो येतात. लोडरचं स्वतःचं ओझं वेगळं.

आता मागच्या टायरमध्ये ४०० किलो पाणी भरलं, तर मागे ४०० वाढले. पुढचा अ‍ॅक्सल मात्र होता तितक्याच ओझ्याखाली. तेच ४०० किलो मागच्या अ‍ॅक्सलच्या एक मीटर मागे, थ्री-पॉइंटला (अवजार जोडायचे मागचे दोन लोअर लिंक आणि वरचा टॉप लिंक) लटकवले तर मागे ५९० किलो वाढतात आणि पुढचे १९० कमी होतात. म्हणजे तेवढ्याच वजनात ब्रेकही धरतात आणि पुढचे बेअरिंग, किंगपिन, स्टिअरिंग यांचाही जीव वाचतो. आम्ही दोन्ही केलं, पण एकच करायचं असेल तर थ्री-पॉइंटचं वजन करा.

लाकडी साचा ८० × ५० × ४२ सेंमी. काँक्रीट घनमीटरला २,४०० किलो धरलं की एवढ्या साच्यात ४०० किलो बसतात. आत जुन्या लोखंडी पाट्यांची जाळी, दोन्ही बाजूंना लोअर लिंकसाठी २८ मिमीच्या पिना, वर टॉप लिंकला दोन कान. पिना काँक्रीटमध्ये नुसत्या खोचायच्या नाहीत, आरपार पट्टीला वेल्डिंग करून मग ओतायचं. सिमेंट, खडी, वेल्डिंग मिळून ३,८०० रुपये. खरं खर्चिक निघालं ते थांबणं: काँक्रीटला पाणी मारत पुरते दोन आठवडे ठेवलं.

९ एप्रिल

मागच्या टायरमध्ये सासवडला पंक्चरवाल्याकडे पाणी भरून घेतलं. चाक जॅकवर उचलून व्हॉल्व्ह सर्वांत वर आणायचा आणि पाणी व्हॉल्व्हपर्यंत आलं की थांबायचं. साधारण पाऊण टायर भरतो, वर हवेला जागा राहते. दोन्ही मिळून चारशे लिटरच्या वर गेलं. थंड देशांत पाणी गोठू नये म्हणून त्यात कॅल्शियम क्लोराइड घालतात. आपल्याकडे साधं पाणी पुरतं, रिम गंजण्याचा त्रासही कमी. हवेचा दाब मोजताना व्हॉल्व्ह वरच ठेवायचा, नाहीतर गेजमध्ये पाणी जातं.

पुढचे टायर जुने, कमी प्लायचे (थरांचे) होते. बकेट भरली की कडा बाहेर फुगायच्या. ते काढून ८ प्लायचे घातले आणि टायरच्या अंगावर छापलेल्या कमाल दाबापर्यंत हवा भरली. पुढच्या चाकांचे बेअरिंग उघडून ग्रीस बदललं. ११,६०० रुपये. हा खर्च लोडरच्या किमतीतच धरून चाला.

१९ एप्रिल

वजन लावून त्याच उतारावर, आधी रिकामी, मग निम्मी, मग भरलेली बकेट घेऊन चाचणी. ब्रेक धरतात. तरीही उताराचे नियम ठरवले आणि ड्रायव्हरला आणि धाकट्या भावाला समोर बसवून सांगितले:

दोन्ही ब्रेकचे पॅडल पट्टीने कायम एकत्र जोडलेले. बागेत चटकन वळायला आपण एकेकटा ब्रेक वापरतो. भरलेल्या बकेटसह एकाच बाजूचा ब्रेक लागला तर ट्रॅक्टर आडवा होतो. बकेट जमिनीपासून वीतभर ते हातभर, त्याच्या वर नाही; पुढचं दिसावं इतपतच. उतारावर सरळ चढायचं, सरळ उतरायचं, तिरकं जायचं नाही, मधे वळायचं नाही. माल नेहमी चढाच्या अंगाला: भरलेली बकेट घेऊन खाली जायचं असेल तर रिव्हर्समध्ये. आण्णांना हे पटेना. "उलटं उतरणं म्हणजे खड्ड्यात जाणं," म्हणाले. त्यांना गाडीवर बसवून दोन्ही तऱ्हेने उतरवून दाखवलं. आता तेच इतरांना सांगतात.

गिअर उतार सुरू होण्याआधी टाकायचा. उतारावर क्लच दाबला की इंजिनचा अटकाव गेला.

२ मे

ग्रीसिंग. दर आठ-दहा तास कामानंतर प्रत्येक पिनला ग्रीस, हे फिटरने सांगितलं होतं. पण बकेटच्या मागच्या दोन पिनांचे निपल (ग्रीस भरायची तोंडं) त्याने आतल्या बाजूला काढलेत. ग्रीस गन पोहोचतच नाही. परिणाम आठवडाभरात दिसला: उजव्या पिनला कुरकुर. पिन काढून पाहिली तर बुश (पिन जिच्यात फिरते ती नळी) कोरडाठाक, त्यात मुरमाची पांढुरकी भुकटी. पीठ दळल्यासारखं घासत होतं.

दोन्ही बुश नवे केले आणि पिनलाच टोकाकडून ड्रिल मारून निपल बाहेर काढले. २,१०० रुपये. लोडर घेताना ग्रीस गन सोबत न्या आणि प्रत्येक निपलला लावून पाहा.

एक बारकावा: बकेट जमिनीवर टेकवून, पिनवरचा भार काढून ग्रीस मारलं की ते सगळीकडून फिरतं. भार असताना दाबलेल्या बाजूला जातच नाही, आणि झिजते तीच बाजू. जुनं काळं ग्रीस कडेने बाहेर येऊन नवं दिसेपर्यंत मारायचं. बाहेर आलेलं पुसून टाका, नाहीतर धूळ त्यावरच बसते.

सांगाड्याचे बोल्ट पहिल्या दहा तासांनी आवळले तेव्हा चार बोल्ट फिरले. पन्नास तासांनी पुन्हा पाहिले, एक फिरला. आता प्रत्येक बोल्टच्या डोक्यावरून पट्टीवर रंगाची रेघ ओढली आहे. रेघ तुटलेली दिसली की बोल्ट हलला.

१० मे

विहिरीजवळ ट्रॉली लावून भरायचो. आज खाली उभं राहून पाहिलं: आर्म पूर्ण वर आणि बकेट उलटी होताना तिची मागची कडा वरच्या विजेच्या तारांच्या दिशेने जाते. उन्हाळ्यात तारा तापून सैल पडतात, हिवाळ्यापेक्षा खाली येतात. ट्रॉलीची जागा तिथून पार हलवली. शंभर पावलं जास्त चालतो ट्रॅक्टर, चालू दे.

घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवलं: बकेट तारेला लागलीच तर ड्रायव्हरने बसूनच राहायचं, जमल्यास तिथूनच आर्म खाली घ्यायचे. कोणी जवळ जायचं नाही. महावितरणला १९१२ वर फोन. आग लागली आणि उतरावंच लागलं तर एक पाय ट्रॅक्टरवर आणि एक जमिनीवर असं कधीच नाही. दोन्ही पाय जुळवून उडी, आणि जुळलेल्या पायांनीच टुणटुण उड्या मारत दूर.

२९ मे

यंदा पाऊस मे महिन्यातच आला. वादळात बांधावरची बाभूळ पडली. तिचं खोड बकेटमध्ये घालून न्यायचा विचार ड्रायव्हरने बोलून दाखवला. आमचा लोडर बकेट आपोआप सपाट ठेवणारा नाही. आर्म वर जातील तसतशी बकेट मागे झुकते, आणि गोल खोड आर्मवरून घरंगळत थेट सीटकडे येतं. वर पत्र्याची छत्री आहे, ती उन्हासाठी. खोड अडवणार नाही, ट्रॅक्टर उलटला तर माणसाला वाचवणारही नाही. खोड साखळीने बांधून मागून ओढत नेलं.

चिखलात ढिगात शिरताना ड्रायव्हर क्लचवर पाय ठेवून जोर लावतो. त्याला थांबवलं. लो गिअर, बकेट जमिनीला समांतर, सरळ शिरायचं आणि चाक घसरायला लागलं की मागे. बकेटच्या एका कोपऱ्याने दगड उकरायचा नाही. त्याने आर्मला पीळ पडतो आणि मग पिना कधीच सरळ बसत नाहीत. कडक मुरूम उकरायला सरळ जेसीबी बोलवा.

६ जून

डाव्या बाजूच्या होजपाशी तेलाचं धुकं दिसलं. भाऊ हात घालणार तेवढ्यात ओरडलो.

१६० बार म्हणजे मोटारीच्या टायरमधल्या हवेच्या सत्तर-ऐंशी पट दाब. सुईच्या टोकाएवढ्या भोकातून निघालेलं तेल हातमोजा आणि कातडी भेदून आत जातं. वर फक्त टोचल्यासारखा ठिपका, दुखतही नाही फारसं. आतलं मांस मात्र मरत जातं आणि काही तासांत शस्त्रक्रिया झाली नाही तर बोट किंवा हात जाऊ शकतो. असं कधी झालंच तर मलम लावून घरी थांबू नका. आम्ही ठरवलंय: सरळ पुण्याला ससून रुग्णालयात, आणि डॉक्टरांना पहिलं वाक्य, "दाबाचं हायड्रोलिक तेल आत गेलंय."

गळती शोधायला पुठ्ठ्याचा लांब तुकडा काठीला बांधून फिरवला. पुठ्ठ्यावर ओला ठिपका उमटला. मग इंजिन बंद, बकेट जमिनीवर, लिव्हर चारी दिशांना हलवून आतला दाब काढला, आणि त्यानंतरच पाना लावला. होज सांगाड्याच्या धारेवर घासून आतली तार उघडी पडली होती. टेप गुंडाळून चालवू नका. टोकांना फिटिंग दाबून नवा होज करून आणला, ९५० रुपये, आणि धारेवर जुन्या टायरची पट्टी बांधली.

१८ ते २८ जून

भरलेली बकेट आपोआप खाली येऊ लागली. बकेट हातभर उचलून, इंजिन बंद करून, जॅकच्या दांड्यावर खडूने खूण केली. चहा पिऊन येईपर्यंत दांडा चार बोटं आत. ही दोन ठिकाणची चूक असू शकते: जॅकमधलं पिस्टनचं सील किंवा कंट्रोल व्हॉल्व्ह. उजव्या जॅकच्या दांड्यावर उभा ओरखडा दिसला आणि तोंडाशी तेलाचं कडं होतं, म्हणून आधी जॅकच काढायचा ठरवला. ओरखडा पडला होता होजच्या पत्र्याच्या क्लॅम्पने. त्याचा बोल्ट सैल होऊन आत वाकला होता.

या जॅकसाठी आर्म अर्धवट वर ठेवावे लागतात. दगड, विटा, ट्रॉलीचा जॅक यांवर आर्म टेकवून खाली डोकं घालायचं नाही. जाड चॅनेलचा तुकडा डाव्या जॅकच्या बाहेर आलेल्या दांड्यावर बसवून पिन मारली, म्हणजे दांडा आत जाऊच शकत नाही. शिवाय आर्मखाली दोन्हीकडे लोखंडी घोडे. हा चॅनेल आता ट्रॅक्टरवरच कायमचा टांगलेला आहे.

२२ तारखेला माऊलींची पालखी दिवे घाट चढून सासवडला. घाट वाहनांना बंद, आणि बोपदेव घाटावर सगळी गर्दी. जॅक घेऊन त्या गर्दीत जाण्यात अर्थ नव्हता. घरचे सगळे वारकऱ्यांना पाणी आणि पिठलं-भाकरी देण्यात होते, लोडर उभाच राहिला. पालखी जेजुरीकडे गेल्यावर, २५ ला जॅक भोसरीला नेला. तिथे एका बाजूने दाब देऊन दुसरं तोंड उघडं ठेवलं, तर त्यातून तेल येत राहिलं. म्हणजे पिस्टनचं सीलही गेलेलं. दांड्याला पुन्हा हार्ड क्रोमचा मुलामा, पूर्ण सील किट, ४,७०० रुपये. नुसतं सील बदलून ओरखडा तसाच ठेवला असता तर नवं सीलही त्याने कापलं असतं. बसवल्यावर खडूची खूण अर्ध्या तासात हलली नाही.

२४ ऑगस्ट

मंडळाची पोरं आली. गणपतीच्या मांडवाला दिव्यांच्या माळा लावायला बकेटमध्ये माणूस उभा करून वर न्यायचा होता. नाही म्हटलं. एक होज फुटला की आर्म थांबत नाहीत, आणि लिव्हरला नुसता धक्का लागला तरी बकेट उलटते. पोरं थोडी नाराज झाली. आमची लोखंडी शिडी दिली आणि धरायला भाऊ गेला.

१९ ऑक्टोबर

पावसाळ्यानंतरची उघडणी. टाकीतलं तेल दुधाळ झालेलं, म्हणजे पाणी गेलंय. झाकणाचा रबर चिरला होता. सगळं तेल काढलं, सक्शनची जाळी धुतली, रिटर्न फिल्टर नवा, ४० लिटर तेल नवं. ७,९०० रुपये. झाकण बदललं आणि त्यावर कापलेला कॅन उपडा घातला.

जॅकचे दांडे मात्र स्वच्छ राहिले. लोडर उभा करताना ते शक्य तितके आत घेऊन ठेवतो आणि बाहेर राहणाऱ्या भागाला ग्रीसचा हात फिरवतो. शेणाने बकेटचा तळ खाल्ला आहे; धुऊन, घासून रंग दिला. धुताना प्रेशरचं पाणी सीलवर आणि पिनांच्या तोंडावर मारायचं नाही.

बकेटच्या डाव्या पिनला पुन्हा थोडी ढिलाई जाणवते, बकेट हाताने हलवली की खट् आवाज येतो. बुश मागवलेत. ते येईपर्यंत मुरूम बंद, फक्त शेणखत.